निकोसियामार्गे नाशिक

आमच्या घरात निकोसिया दोन्ही बाजूंनी बघितलेली मी एकटीच. नवऱ्यानं आणि मुलीनं एकच बाजू बघितली, आणि हे मी त्यांना अजून ऐकवते. ऐकवण्यासारखं माझ्याकडे दुसरंही पुष्कळ आहे, पण ते निघालं की नवरा फोन ठेवायची घाई करतो.

बकरी ईदच्या सुट्टीत आम्ही सायप्रसला गेलो होतो. आम्ही तिघं, आणि आमच्या कंपाउंडमधलं, वरच्या मजल्यावरचं, रत्नागिरीकडचं जोडपं. त्यातल्या बाईंना मी भाभी म्हणायचे, त्या मला ताई म्हणायच्या. दोघींचे नवरे सौदीत जुबैलला एकाच कंपनीत, माझा प्लांटवर इंजिनिअर, त्यांचे स्टोअरमध्ये. आम्ही जुबैलला गेलो तेव्हा माझी लेक नुकती चालायला लागली होती. आता ती नववीत गेलेली. तिचं सगळं लहानपण त्या दोन खोल्यांत आणि समोरच्या खाडीच्या वाऱ्यात गेलं. मी तिथंच गाडी चालवायला शिकले. हॉलमध्ये सतरंजी टाकून कंपाउंडमधल्या मुलांना गणित शिकवायचे, आणि त्या वर्गाची कीर्ती अशी की शेजारच्या कंपाउंडमधून मुलं यायची. नाशिकला मी कोणाची तरी सून, कोणाची तरी वहिनी. जुबैलला मी मॅडम होते. हे मला आवडायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

बेत साधा होता. चार-पाच दिवस निकोसिया फिरायची, मग लार्नाकाच्या विमानतळावरून नवरा आणि भाभींकडचे दोघं परत सौदीला, मी आणि लेक उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मुंबईमार्गे नाशिकला. शाळा उघडायच्या आधी ऑगस्टमध्ये आम्ही जुबैलला परत. दरवर्षी आम्ही असेच नाशिकला जात होतो. या वेळी वाटेत सायप्रस होतं, एवढाच फरक. नवऱ्यानं स्वतःहून, न सांगता, हॉटेलबिटेल सगळं ठरवून टाकलेलं. हा माणूस ज्याला लोणच्याची बरणी उघडायची तरी तीनदा आठवण करून द्यावी लागते! मी हरखून गेले होते. भाभींना म्हटलंसुद्धा, बघा, या वयात सुधारले.

निकोसिया सुंदर आहे, ते मी नाकारणार नाही. जुन्या शहराभोवती जाडजूड गोल तटबंदी, आत पिवळसर दगडाची घरं, लाकडी सज्जे, दारादारात मांजरं. सगळ्या गल्ल्या कुठेतरी अचानक थांबतात. मधेच भिंत, वाळूची पोती, रंग उडालेले पत्र्याचे पिंप, आणि फोटो काढू नका अशी पाटी. त्या पलीकडे मोकळी पट्टी, तिथं कोणी राहत नाही. त्याच्या पलीकडे तेच शहर, पण दुसऱ्यांचं. एकीकडे ग्रीक बोलतात, दुसरीकडे तुर्की. मधे पट्टीवर शांतिसेनेचे शिपाई. एका राजधानीचे असे दोन तुकडे मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला सारखं पलीकडे जावंसं वाटत होतं. गर्दीच्या बाजाररस्त्यावर एका ठिकाणी जायची सोय आहे. पासपोर्ट दाखवायचा, थोडं चालायचं, पुन्हा पासपोर्ट दाखवायचा, की झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, चला. नवरा म्हणाला, "नको. आपला व्हिसा एकदाच आत यायचा आहे. पलीकडून परत घेतलं नाही तर? मला ड्यूटीवर जायचंय."

"सगळे जातात. हॉटेलवाला म्हणाला काही होत नाही."

"तू जा. भाभींना मशीद बघायची आहेच. आम्ही इथं बसतो."

मुलीला आइस्क्रीमचं दुकान आणि तिथलं वायफाय सापडलं होतं. भाभींचे यजमान म्हणाले, मी साहेबांना सोबत करतो. म्हणून आम्ही दोघीच निघालो. मी रांगेतून मागं वळून हात केला. नवऱ्यानं दोन्ही हात हलवले. इतक्या उत्साहानं तो कधी हात हलवत नाही, पण मला तेव्हा बरंच वाटलं.

पलीकडे पाऊल टाकल्यावर बाजार एकदम आपला वाटायला लागला. टोपल्या, चपला, पितळी भांडी, भाजलेल्या मांसाचा वास. मशीद म्हणजे मुळात चर्च आहे, उंच कमानी, आणि त्यावर नंतर चढवलेले मिनार. परांची बांधून दुरुस्ती चालली होती. भाभींनी बाहेरूनच हात ओंजळीसारखे उघडे धरले, डोळे मिटले, ओठ हलवले. मग आम्ही जुन्या सराईत गेलो. चौकात झाडं, भोवती दोन मजली कमानी, कमानींखाली दुकानं. टेबलाशी बसून आम्ही काचेच्या छोट्या पेल्यांतला चहा मागवला. भाभी आपला पेला नुसता फिरवत राहिल्या.

"ताई, एक बोलू? राग नको."

"बोला की."

"तुमची ती कडीपत्त्याची कुंडी. ती बाजूची केरळवाली डोळा ठेवून हाय तिच्यावर. मी आदीच सांगते, ती मनाच द्या. मी मागितला नसता, पन तुमच्या हातची हाय, तुमची आठवन र्‍हाईल."

कढीपत्ता तिथं सोन्यासारखा, हे खरं. नाशिकहून आणलेलं बोटभर रोप मी वाढवून खिडकीइतकं केलं होतं. मी हसले. म्हटलं, "कुंडी कशाला? ऑगस्टमध्ये आले की बाजूला फुटलेलं रोप वेगळं करून देते."

भाभींनी पेला खाली ठेवला.

"ऑगस्टमदी?"

"शाळा उघडायच्या आधी."

"पन ताई, तुमी तर खुरूज निहाईवर आलाव ना?"

सौदीतून बाहेर पडायला व्हिसा लागतो, आणि तो दोन तऱ्हांचा असतो. एक जाऊन परत यायचा. दुसरा खुरूज निहाई, म्हणजे कायमचं निघायचं. त्या व्हिशावर माणूस विमानतळाबाहेर पडला की इकामा, म्हणजे राहायचा परवाना, त्याच क्षणी संपतो. बायकामुलांचा व्हिसा नवरा आपल्या फोनवरून काढतो. बायकोला सही करावी लागत नाही, कोणी तिला विचारतही नाही.

मी म्हटलं, "काहीतरीच काय. मला माहीत नसतं का?"

भाभींच्या डोळ्यांत आधी आश्चर्य आलं, मग भीती, आणि मग पाणी. "अल्ला कसम ताई, मना वाटला तुमाला ठावं हाय. साहेबांनी आमच्यांना सांगितलान, आमच्यांनी मना. तुमी काय बोलनात, म्हून आमी पन काय बोललाव नाय. तुमालाच तरास होतो असा वाटला."

इथं आमच्या कंपाउंडची एक रीत सांगायला हवी. कोणी कायमचं निघालं की ते सगळ्यांना कळतंच, पण जिला जायचंय तिनं तोंड उघडेपर्यंत दुसऱ्या कोणी विषय काढायचा नाही. जाणाऱ्या बाईला ते किती लागतं हे प्रत्येकीला ठाऊक असतं, कारण प्रत्येकीची पाळी येणार असते. ती एकदा बोलली की मग जेवणं होतात, रडणं होतं, भांडीकुंडी वाटली जातात, मिक्सर कोणाला, पडदे कोणाला. तोवर सगळ्याजणी गप्प बसून नुसती माया करतात. मी स्वतः किती जणींच्या बाबतीत अशी गप्प राहिले होते.

आणि त्या चौकात बसून मला गेले काही आठवडे एकदम दिसले. केरळवालीनं एरवी कधी नाही ते जेवायला बोलावलं होतं. भाभींनी सांदणं करून आणली आणि निघताना उगाच मला कवटाळलं. ट्यूशनच्या मुलांनी सुट्टीच्या आदल्या दिवशी केक आणला आणि मी त्यांनाच रागावले, सुट्टीच तर आहे, केक कशाला. एक मुलगी रडत होती, तिला मी म्हटलं, गणित सुटलं म्हणून आनंदानं रडतेस का. गाडी नवऱ्यानं विकली, ऑगस्टमध्ये नवी घेऊ म्हणून. सगळ्या कंपाउंडनं माझा निरोप समारंभ पार पाडला होता. उत्सवमूर्तीलाच तेवढा पत्ता नव्हता.

शेवटी देव आठवले, आणि मग मात्र मला बसवेना. आमचे देव तिथं स्वयंपाकघरातल्या कपाटात असायचे, मसाल्यांच्या डब्यांमागे. छोटा बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि आईनं दिलेलं निरांजन. निघायच्या आदल्या संध्याकाळी नवरा म्हणाला होता, या वेळी देव घेऊन जा, नाशिकला सराफाकडून उजळून आण, काळे पडलेत. मला कौतुक वाटलं, की याच्या लक्षात आलं! मी रुमालात गुंडाळून ते पर्समध्ये ठेवले. ती पर्स आता माझ्या मांडीवर होती. माझे देवसुद्धा माझ्याच हातानं त्यानं घराबाहेर काढले होते. केसानं गळा कापणं म्हणतात ते याला.

मी उठले. चहा तसाच राहिला. परतीच्या रांगेत माझ्यापुढे पर्यटकांचा घोळका होता आणि खिडकीतला अधिकारी निवांत पासपोर्ट उलटत होता. भाभी मागून सारखं "ताई, शांतीनं घ्या" म्हणत होत्या. मी त्यांच्यावर चिडले नव्हते, पण मागं वळून त्यांच्याकडे बघवेना.

नवरा सावलीत बसून आइस्क्रीम खात होता. माझा चेहरा बघितल्यावर त्यानं चमचा खाली ठेवला. भाभींचे यजमान एका नजरेत समजले आणि खुर्ची सरकवून उभे राहिले.

मी त्यांनाच आधी विचारलं, "भाईसाहेब, खुरूज निहाई रद्द करता येतं का?"

ते नवऱ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "त्याच्याकडे नको, माझ्याकडे बघून सांगा."

"आत असताना व्हतो रद्द, वहिनी. भायेर पडल्यावर खलास."

म्हणजे विमान सुटेपर्यंत माझ्या हातात होतं. सौदीतून निघताना विमानतळावरच्या तरुण अधिकाऱ्यानं कॅमेऱ्यात माझा चेहरा बघितला, "मा सलामा", म्हणजे सुखरूप जा, म्हणाला, आणि मी त्याला हसून शुक्रन म्हटलं होतं.

भाभी आणि भाईसाहेब बाजूच्या गल्लीत गेले. नवरा बोलायला लागला, हळू, समजुतीच्या आवाजात, प्लांटवर कोणाला अपघाताची बातमी द्यावी तसा. होळीच्या सुमारास कंपनीनं त्याच्या श्रेणीतल्यांचा फॅमिली स्टेटस, म्हणजे बायकामुलांना जवळ ठेवायची मुभा, काढून घेतला होता. घर सोडून त्याला एकट्यांच्या कॅम्पात जावं लागणार होतं. त्याच्या भावानं नाशिकला फ्लॅट बघून ठेवला होता, मुलीचा शाळाप्रवेश झाला होता.

"होळीपासून माहीत आहे?"

"अगं, तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

"घेतलं असतं. माझं घर होतं ते."

"तू निघालीच नसतीस. इकामा संपेपर्यंत हटून बसली असतीस. मी ओळखत नाही का तुला? म्हणून म्हटलं, छान फिरवून आणू, मग नाशिकला पोचल्यावर शांतपणे सांगू."

छान फिरवून आणू! लहान मुलाला बागेत नेतो सांगून सुई टोचायला दवाखान्यात नेतात, तसं मला निकोसियाला आणलं होतं. ती तटबंदी, ते सज्जे, ती मांजरं, मला जे जे आवडलं होतं ते सगळं त्या क्षणी विटलं. आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. मी भांडलेच असते. आठवडाभर भांडले असते, जेवले नसते, त्याला जेवू दिलं नसतं. पण कंपनीपुढे कोणाचं चालतं? शेवटी निघालेच असते. फक्त माझी मी निघाले असते. भिंतीवरून हात फिरवून, शेवटचा केर काढून, मुलांना समोर बसवून सांगून, की बाळांनो, मॅडम चालल्या. तेवढंसुद्धा त्यानं मला करू दिलं नाही, कशासाठी, तर त्याला चार दिवस कटकट नको म्हणून.

मग मी लेकीकडे बघितलं. ती इतका वेळ फोनमध्ये डोकं खुपसून होती. मला वाटलं, पोरीला मी कसं सांगू, तिची शाळा, तिच्या मैत्रिणी. मी तिच्या शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "बाळा, ऐकलंस ना?"

ती वर न बघता म्हणाली, "मम्मा, मुझे पता था।"

"कधीपासून?"

"पापा ने बोला था मत बताना, ट्रिप खराब हो जाएगी।"

तिनं आपल्या मैत्रिणींचा निरोप घेतला होता. ज्या संध्याकाळी ती म्हणाली होती की मैत्रिणीचा वाढदिवस आहे, उशीर होईल, ती तिची निरोपाची पार्टी होती. मीच तिला गाडीनं सोडलं होतं, आणि खाली गाडीत बसून वाट बघितली होती. पोर तेव्हा डोळे सुजवून आली, तर मी म्हटलं एसीचा वारा लागला असेल. माझी मुलगी माझ्याशी खोटं बोलली याचं दुःख होतंच. पण तिला रडायला आईची मांडी मिळाली नाही, आणि तिच्या बापानं ती हिरावली, याचा राग मला आजही आवरत नाही.

यानंतर कोणालाही वाटेल की मी हॉटेलवर गेले आणि दार लावून घेतलं. तसं काही झालं नाही. दुपारी वाटाड्याबरोबर फिरायचं ठरलेलं होतं आणि आम्ही पाचहीजण मुकाट्यानं त्याच्यामागं गेलो. लोकांसमोर तमाशा करायचा नाही हे हाडात मुरलंय. वाटाड्या म्हातारा, गप्पिष्ट. त्यानं सांगितलं, की शहराच्या नकाशावर ज्यानं ही रेघ ओढली त्याच्या हातात हिरवी पेन्सिल होती, म्हणून तिला हिरवी रेघ म्हणतात. एका ठिकाणी पत्र्याच्या फटीतून त्यानं आम्हाला मधल्या पट्टीतलं घर दाखवलं. खिडकीतून झाड बाहेर आलं होतं. दाराला अजून टपालाची पेटी होती.

मी विचारलं, "इथल्या लोकांना आधी सांगितलं होतं का?"

"नाही मॅडम. त्यांना वाटलं दोन-चार दिवसांत परत येऊ. काहीजण तर चुलीवरचं चुलीवर ठेवून निघाले."

नवरा बुटाची लेस बांधायला खाली वाकला. ती सुटलेली नव्हती. भाभींनी माझा हात धरला आणि तो हॉटेल येईपर्यंत सोडला नाही. मी त्यांना म्हटलं, कुंडी तुमचीच, केरळवालीला पानसुद्धा देऊ नका. त्यावर त्या भर रस्त्यात हुंदके देऊन रडल्या, आणि मला मात्र रडू येईना.

लार्नाकाच्या विमानतळावर आमच्या रांगा वेगळ्या झाल्या. तो म्हणाला, "हिवाळ्यात तुम्हाला व्हिजिट व्हिसावर बोलावतो. हॉटेलात राहू, समुद्रावर जाऊ." ज्या गावात मला दुकानदार उधारीवर खोबरं देत होता, त्या गावात मी हॉटेलात उतरायचं.

नाशिकला फ्लॅटमध्ये पडदेसुद्धा लागलेले होते. सासूबाई म्हणाल्या, "तुझा स्वभावच असा तापट, म्हणून नाही सांगितलं गं त्यानं." म्हणजे चूक शेवटी माझीच निघाली. पंधरवड्यानं नवऱ्यानं जुबैलचं घर रिकामं केलं. भाभी व्हिडिओ कॉल लावून खोल्याखोल्यांतून फिरल्या. हा कुकर कुणाला, ही सतरंजी कुणाला, त्या विचारत होत्या आणि मी नाशिकच्या पलंगावर बसून सांगत होते. हॉलच्या भिंतीवर मुलांच्या पाठी टेकून टेकून पडलेला एक मळकट पट्टा होता. तो कॅमेऱ्यात आला तेव्हा मी म्हटलं, इथं जरा थांबा. त्या थांबल्या. मागं नवऱ्याचा आवाज आला, "यल्ला, आटपा, किल्ली द्यायचीय."

दिवाळीत तो आला. भरभरून आणलं, मुलीला, मला, सगळ्यांना. आम्ही बोलतो, जेवतो, पाहुण्यांकडे जातो. बघणाऱ्याला काही वेगळं दिसणार नाही. भाऊबीज झाल्यावर एका सकाळी तो म्हणाला, चला, त्र्यंबकला जाऊन येऊ, भावाची गाडी आहे. मी साडी बदलली, गाडीत बसले. थोडं गेल्यावर त्यानं माझ्या ओळखीचा रस्ता सोडून डावीकडे गाडी घेतली. मी त्याला काही विचारलं नाही. मागं वळून लेकीला विचारलं, "कुठं चाललोय गं आपण?"

तिनं आधी आरशात बापाकडे बघितलं. मग म्हणाली, "त्र्यंबकलाच, मम्मा. तिकडं ट्रॅफिक आहे म्हणून इकडून."

ते खरंच असणार. पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी काच खाली केली, आणि कडेला पेरू विकत बसलेल्या बाईला विचारलं, "मावशी, हा रस्ता कुठं जातो?"